भट्टीवरची चार बोटं

"बघू, हात लावा इथं," असं म्हणत आपटेबाईंनी माझं मनगट धरलं आणि माझा उजवा हात भट्टीच्या तोंडावरच्या भिंतीला टेकवला.

तिथल्या गिलाव्यात चार बोटं ओढलेली होती. आडवी, वीतभर लांब. ओल्या चुन्यात ओढलेली, आणि अठ्ठावीस वर्षं धूर खाऊन काळी पडलेली. माझी बोटं त्या चार खाचांत जाऊन बसली. साठीला आलेला हात, सांधे सुजलेले, तरी बसली.

बाई हसल्या. "म्हणजे हे तुमचंच!"

"माझंच," मी म्हणालो.

"प्रत्येक कामावर असं करता?"

"काम संपलं की करतो. आमच्यात नाव कोरत नाहीत बाई. लिहिता येतं कोणाला? शेवटचा लेप दिला की चार बोटं ओढायची. ज्याचा शेवटचा हात, त्याचं काम."

"थांबा, थांबा. परत सांगा, हळू." त्यांनी वही उघडली आणि मी बोललो ते लिहून घेतलं. तोवर माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. ग्रामपंचायतीत नाही, कचेरीत नाही. पेन्सिल कागदावर चालताना बारीक आवाज येतो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कोलखारच्या जंगलात उंचावर बेलमाँट नावाचं हॉटेल होतं. आम्ही त्याला बेलमाट म्हणायचो. उन्हाळ्यात थंड हवेसाठी येणाऱ्या गोऱ्या लोकांकरता एका साहेबानं ते बांधलं होतं. साहेब गेले, मग नागपूरकडचे शेठ लोक यायचे, मग तेही थांबले. जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं. आतली गावं उठली. माझं गावही उठलं आणि चाळीस किलोमीटरवर सडकेच्या कडेला, पत्र्यांच्या रांगेत जाऊन बसलं. बेलमाट तेवढं वर राहिलं, वटवाघळांना. पंधरा वर्षांनी सरकारला वाटलं की ते पुन्हा उभं करावं, पाहुणे यावेत. त्याचा आराखडा करायला पुण्याहून आपटेबाई आल्या. आर्किटेक्ट. तिशीच्या असतील. बेलमाटची डागडुजी वर्षानुवर्षं माझ्या हातून झाली होती, म्हणून खंडाते रेंजरनं मला गावातून बोलावून घेतलं.

बाईंचा नियम सरळ होता. साहेबाच्या वेळचं जे असेल ते राखायचं, नंतरची भर काढून टाकायची. उद्यानात जुन्याशिवाय काही उभं राहू द्यायचं नाही, अशी खात्याची अटच होती. राखायचं तिथं त्या खडूनं गोल काढायच्या आणि काढायचं तिथं फुली. मला वाचता येत नव्हतं, पण गोल आणि फुली कळत होती. तीन दिवस मी त्यांच्या मागं फिरलो. हा दरवाजा जुना, ही कमान जुनी, हा संडास शेठच्या वेळचा. गोल, गोल, फुली. मी सांगायचो आणि बाई खूण करायच्या. इतका मान मला कधी मिळाला नव्हता.

राहिली होती फक्त मागची भट्टीखोली. जंगलात पाव कुठून आणणार, म्हणून हॉटेलचा पाव तिथंच भाजायचे. विटांचा घुमट, त्याला खोली लागून. साहेबाच्या वेळचा नकाशा बाईंनी मुंबईहून शोधून आणला होता, पण त्यात ही खोली नव्हती. नोकरांकडच्या जागा कोणी नकाशात काढत नसे.

त्या खोलीत सगुणावैनी राहायची. मारोती खानसामा माझा दोस्त, ही त्याची बायको. मारोती गेला, हॉटेल बंद पडलं, गावं उठली, तरी ती उठली नव्हती. कोणी विचारलं की म्हणायची, "म्या हॉटेलची हावो. गावाची नाई." रेंजर लोकही तिच्याकडून पाव करून घ्यायचे आणि कानाडोळा करायचे.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "मावशी, उद्यानात कोणाला राहता येणार नाही, हे खरं. पण भट्टी जुनी निघाली तर ती राखायची, आणि चालवणारं माणूस पाहिजेच. मी तसं आराखड्यात लिहीन. तुम्हीच राहाल."

"आन नवी निघाली तं?"

"तर मला काही करता येणार नाही."

वैनी माझ्याकडं बघून हसली होती. "मंग कायची काळजी? भाऊजी हायेत सांगाले." आणि डोक्यावर चुंबळ ठेवून लाकडाला गेली होती.

ती गेल्यावर बाईंनी खोली बघायला घेतली, त्यांना ती चार बोटं दिसली, आणि माझा हात भिंतीवर गेला.

"भट्टी किती सालची म्हणायची?" वहीतून मान वर न काढता बाईंनी विचारलं.

मी साल सांगितलं. एकोणसाठ. त्या साली वादळात सालईचं झाड या खोलीवर पडलं होतं.

बाईंची पेन्सिल थांबली. "एकोणसाठ? म्हणजे छप्पर दुरुस्त केलंत, का सगळी खोलीच तुम्ही बांधलीत?"

इथं खरं बोलायला जागा होती. चांगली ऐसपैस जागा होती. दारात खंडाते रेंजर उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्रीचा नुसता गिलावा असंल मॅडम. घुमट बांधनं याच्या बापाचं काम नाई. ती जुन्या उस्तादांची कारागिरी."

तो चेष्टेनं म्हणाला. नेहमीच करायचा.

"सगळी मीच बांधली," मी म्हणालो.

"घुमटसुद्धा?"

"घुमटसुद्धा."

बाईंनी पिशवीतून लहान हातोडी काढली. "एका कोपऱ्यात जरा गिलावा काढून बघते. आतल्या विटेवरून कळतं."

"कशाला खरवडता बाई?" मी पुढं झालो. "सात दिवस घोटलाय हा गिलावा. बेलफळ घालून, गूळ घालून. आजवर एक तडा नाही. ज्यानं बांधलं तो समोर उभा असताना विटेला काय विचारता?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं, भिंतीवरून तळहात फिरवला आणि हातोडी परत पिशवीत टाकली. "बरोबर आहे. असा गिलावा मी कुठंच बघितला नाही, नत्थूजी." नत्थूजी म्हणाल्या. सकाळपर्यंत मिस्त्री म्हणत होत्या.

मग त्यांनी एक कागद लिहिला, मला वाचून दाखवला, आणि मी खाली अंगठा दिला. दारावर फुली काढताना त्यांचा हात जरा रेंगाळला. "मावशींचं वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण खोटं कसं लिहू?"

वैनी दुपारी आली. मोळी टाकली, घाम पुसला आणि दाराकडं बघत राहिली. फुली तिलाही कळत होती.

"हे कोनं केलं?"

"बाईंनी."

"तुमी कुठी होते?"

"इथंच."

"मंग सांगतलं नाई? म्या लगन होऊन आली तवा ह्या भट्टीत शंभर पाव निंघत होते. माहा सासरा पीठ मळे. तुमच्या उस्तादानं बांधली ना ही? तुमी तं झाड पडल्यावर वरतं छप्पर घातलं आन लेप देल्ला."

"विचारण्यात गडबड झाली काहीतरी."

"मंग जा ना बाप्पा! बाई सकाळच्या गाडीनं चालली. आत्ता जा आन सांगा."

मी निघालो. भट्टीखोलीपासून हॉटेलचा व्हरांडा शंभर पावलं असेल. वाटेत मी वाक्य जुळवलं, ते मला अजून आठवतं. बाई, माझी चूक झाली, भट्टी माझ्या कादर उस्तादांची आहे, साहेबाच्या वेळची. एवढंच म्हणायचं होतं.

व्हरांड्यात टेबलावर मोठा कागद पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार दगड. खंडाते चहा पीत होता.

"या, या, नत्थूजी," बाई म्हणाल्या. "बरं झालं आलात. हे बघा." त्यांनी कागदाच्या कडेला बोट ठेवलं. "काय आहे हे?"

"मला काय कळणार बाई?"

"तुमचं नाव आहे. नत्थू सोनवाने. ज्यांनी ज्यांनी इथं काम केलं त्यांची नावं मी शोधतेय. तुमच्याआधीचं एकही सापडलं नाही. सगळे हात तेवढे सापडतात, नाव कोणाचंच नाही. हॉटेल उघडेल तेव्हा एक पुस्तिका काढणार आहे, त्यात हे येईल. तुम्हालाही पाठवीन."

खंडाते कप ठेवून उठला आणि त्यानं मला नमस्कार केला. या वेळी चेष्टा नव्हती, निदान मला वाटली नाही. "झालं मिस्त्री. आता आमचं नाव कोनी घेनार नाई, तुमचं राहीन."

मी त्या नावाकडं बघत उभा राहिलो. काळ्या शाईच्या मुंग्या रांगेत चालल्यासारख्या दिसत होत्या. त्या माझ्या होत्या. उस्तादांचं नाव सांगितलं की त्या पुसल्या जाणार, एवढंच मला समजत होतं.

"काही काम होतं का?" बाईंनी विचारलं.

"उद्या गाडीपर्यंत सामान उचलायला माणूस लागेल का, ते विचारायला आलो होतो."

"नको, खंडातेसाहेब बघणार आहेत."

मी परत आलो. वैनीनं मला लांबूनच बघितलं होतं. व्हरांड्यात उभा, कागदावर वाकलेला, बाई बोट ठेवून काहीतरी दाखवताहेत. तिला ते पुरेसं होतं.

"सांगतलं?"

"सांगितलं."

"काय म्हने?"

"बघते म्हणाल्या."

"पाहीन ती. चांगली हाय पोरगी." तिनं भट्टीतून पाव काढला, दोन हातांनी फोडला आणि अर्धा मला दिला. वाफ निघत होती. मी तो पूर्ण खाल्ला.

आठ महिन्यांनी हुकूम आला. जीप आली. वैनीचं सामान एका फेरीत मावलं. जीपमध्ये चढताना ती रडली नाही, पण भट्टीच्या तोंडाला पत्रा लावायला उतरली, आत पाणी जाऊ नये म्हणून. गावात तिला माझ्या रांगेतच तिसरं घर मिळालं. पहिल्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "तुमी तं सांगतलं होतं भाऊजी. तुमचा काय गुन्हा? शहरातल्या बायांचा काही भरोसा नाई. समोर मावशी मावशी, आन मागं फुली."

मी काही बोललो नाही. पुढंही ती बाईंना शिव्या द्यायची तेव्हा मी बोलायचो नाही. गावात सगळ्यांना वाटायचं, मिस्त्री दुःखानं गप्प बसतो.

बेलमाटचं काम सुरू झालं. ठेकेदारानं विचारलं, मागची खोली कोण पाडतं? मी पुढं झालो. माझ्या बायकोनं मला विचारलं, तुम्हाला पाडवते कशी? मी म्हणालो, दुसऱ्या कोणी वेडीवाकडी पाडण्यापेक्षा मीच नीट उतरवतो. तिनं ते खरं मानलं. मीही मानायचा प्रयत्न केला.

छप्पर उतरलं. मग मी भट्टीच्या तोंडावरचा गिलावा काढायला घेतला. माझाच गिलावा, सहज सुटेना. पहार घालून उचकटला तेव्हा अख्खी लादी माझ्या चार बोटांसकट निघून पायाशी पडली आणि फुटली.

खाली जुना चुना होता. पिवळसर, दगडासारखा. आणि त्यातही चार बोटं ओढलेली होती, माझ्या बोटांच्या बरोबर मागं. तीन लांब आणि एक आखूड. कादर उस्तादांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट पहिल्या पेरावर तुटलेलं होतं. त्या हातानं त्यांनी मला थापी धरायला शिकवली होती. माझ्या पाठीत चापट बसायची तेव्हा मला कपडे काढून न बघताही सांगता यायचं, की वळ साडेतीनच उठले असतील.

ती बोटं तिथं आहेत हे मला माहीत होतं. एकोणसाठ साली मीच ती झाकली होती. उस्ताद तेव्हा मातीखाली गेले होते. गिलावा तर द्यायलाच लागणार होता, त्यात काही वाईट नव्हतं. पण शेवटच्या लेपावर बोटं कुठंही ओढता आली असती. मी मुद्दाम तिथंच ओढली. त्यांच्यावर.

"नत्थूजी!" व्हरांड्याच्या बाजूनं हाक आली. बाई त्या आठवड्यात काम बघायला आल्या होत्या. "काही सापडलं का हो तिकडं? काही जुनं वाटलं तर हात लावू नका, मला बोलवा!"

त्या शंभर पावलांवर होत्या. डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघत होत्या. भिंत अजून उभी होती, घुमट उभा होता. खोलीला छप्पर परत घालता आलं असतं. वैनी तिसऱ्या घरात होती, जीपनं दोन तासांवर.

"काही नाही बाई," मी ओरडलो. "नवंच काम आहे."

आणि मोठा घण उचलला. जुना चुना फार चिवट असतो. तुटलेल्या बोटाची खूण जायला मला अकरा घाव लागले.

त्यानंतर पाच वर्षांनी गावात साक्षरता वर्ग निघाला. शाळेच्या ओट्यावर, संध्याकाळी सहा ते सात. मी पासष्टी ओलांडली होती. मास्तरीणबाई माझ्या सुनेपेक्षा लहान. बोटं कडक झालेली, पेन्सिल दोनदा मोडली. सगळे म्हणायचे, या वयात कशाला? मी म्हणायचो, बघू. मला माझं नाव वाचायचं होतं.

बेलमाट उघडायला बरीच वर्षं लागली होती. उघडलं तेव्हा पुस्तिका टपालानं आली. बाई शब्दाला जागल्या होत्या. मी दार लावून बसलो आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेलो. फोटो होते, कमानीचे, व्हरांड्याचे. सतराव्या पानावर सापडलं. "मागील भट्टीखोली मूळ इमारतीचा भाग नव्हती. ती आपण स्वतः बांधल्याचे स्थानिक कारागीर नत्थू सोनवाने यांनी सांगितले. त्यामुळे ती काढून टाकण्यात आली." माझं नाव सबंध पुस्तिकेत तेवढं एकदाच होतं.

पोस्टमननं गावभर सांगितलं होतं. वैनी दुसऱ्या दिवशी आली. गुडघे गेले होते, काठी घेऊन आली.

"बेलमाटचं पुस्तक आलं म्हने?"

"आलं."

"तुमाले वाचता येते आता. माह्या भट्टीचं काही लिवलं का त्यात?"

मी सतरावं पान काढलं. ती माझ्याशेजारी ओट्यावर बसली होती. तिच्या अंगाला अजून पिठाचा वास यायचा, का मला वाटायचं कोण जाणे. मी बोट ठेवलं आणि मास्तरीणबाईंनी शिकवल्यासारखं एकेक शब्द सुटा करत वाचलं.

"भट्टी फार जुनी होती. मारोती खानसामा आणि त्यांची पत्नी सगुणाबाई यांनी ती सांभाळली."

वैनीनं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बाईनं लिवलं असं?"

"हो."

"मंग तेवढी वाईट नव्हती ती. म्या उगाच तोंड खराब केलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "कुठी हाय? दाखवा."

मी तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं. तिनं ते ओळीवरून सावकाश फिरवलं, ताव बघताना भट्टीच्या तोंडाशी हात फिरवायची तसं.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

त्यानंतर ती आठ-पंधरा दिवसांनी यायची. कधी भाकरी घेऊन, कधी रिकाम्या हातानं. बसली की म्हणायची, काढा पुस्तक. मी सतरावं पान काढायचो. चार वर्षं मी तिला ते वाचून दाखवलं. ती गेली त्याच्या आदल्या महिन्यात मी थकलो होतो, लक्ष नव्हतं, वाचताना चुकून म्हणालो, "सगुणाबाई यांनी ती राखली."

वैनीनं मान वर केली. तिला दिसत नव्हतं फारसं, पण बोट अजून त्याच ओळीवर होतं.

"सांभाळली हाय ना तिथी?"

मी तिच्या बोटाखाली बघितलं. तिथं माझं नाव होतं.

"सांभाळलीच आहे," मी म्हणालो.